आयटीआयचे निदेशक, पॉलिटेक्निकच्या मॅडम आणि एक प्लायवुडचा व्हर्नियर

कानस | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी ठाण्यातल्या एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिल्प निदेशक आहे. चौदावं वर्ष. एरवी इथे पाककृती आणि ट्रेकच्या धाग्यांवर डोकावून जातो, स्वतः धागा काढायची पहिलीच वेळ. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी रडकथा आहे आणि नोकरी अजून बरीच बाकी आहे.

झालं असं. पहिल्या वर्षाच्या बॅचला व्हर्नियर कॅलिपर (मुख्य पट्टीवर दुसरी पट्टी सरकवून बारीक माप घ्यायचं हत्यार) शिकवून झाला होता. एक गोल तुकडा टेबलावर ठेवला आणि वीसही मुलांना एकेक करून व्यास मोजायला लावला. माप होतं १२.०६ मिमी. बरोबर उत्तर जेमतेम सहा-सात जणांचं. बाकीच्यांतल्या बहुतेकांनी लिहिलं १२.६. म्हणजे मुख्य पट्टीवरचे १२ बरोबर वाचले, व्हर्नियरची, म्हणजे सरकत्या पट्टीची, तिसरी रेघ जुळते हेही बरोबर पाहिलं (एक रेघ ०.०२ मिमीची), तीन गुणिले दोन सहा केलं, आणि ते सहा १२ च्या पुढे टिंब देऊन चिकटवले.

चौदा वर्षं मी ह्याला 'लक्ष नसतं पोरांचं' म्हणत आलोय. परत मोज म्हणायचं. तो परत मोजणार, परत १२.६.

मी कोपरखैरण्याला राहतो. संध्याकाळी ठाण्याला ट्रान्स हार्बरच्या फलाटावर मी ज्या गाडीत चढतो तिच्यातून एक ओळखीच्या मॅडम उतरतात. ऐरोलीच्या बाजूला एका पॉलिटेक्निकमध्ये फिजिक्स शिकवतात. गाडी सुटायला पाच मिनिटं असतात, तेवढ्यात गाऱ्हाणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही हेच उत्तर येतं. आणि आमची मुलं दहावीला पंच्याहत्तर-ऐंशी टक्केवाली." त्या दिवशी माझी गाडी चुकली.

दोन्हीकडे तीच चूक म्हटल्यावर दोष व्हर्नियरचा नाही, लक्षाचाही नाही. दशांश चिन्हाचा आहे. मी शिकवताना म्हणायचो, "अरे, साठ पैसे वेगळे आणि सहा पैसे वेगळे." मॅडमनी विचारलं, "ह्या मुलांनी पैसे पाहिलेत तरी का?" खरंच की. आता वडापावचे पैसेही फोनवरून जातात. मी ज्या उदाहरणावर चौदा वर्षं विसंबलो ते नाणं वापरातूनच गेलंय.

मग आम्ही तिघं जमलो. मी, त्या मॅडम, आणि नवी मुंबईतल्या एका खाजगी आयटीआयमधले कोपाचे निदेशक (कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड). ठरवलं की हा एकच धडा तिन्ही ठिकाणी घ्यायचा. एकाने शिकवायचं, दोघांनी मागे बसायचं. मागे बसणाऱ्याने मास्तरकडे बघायचं नाही, पोरं काय करतात ते बघायचं. कुठे थबकली, कोणी कोणाचं बघून लिहिलं, कोणी बोटं मोजली.

कोपाच्या मुलांनी कॉम्प्युटरवर दहापट मोठा व्हर्नियर काढला. मुख्य पट्टीवर १ मिमीच्या जागी १ सेमी, आणि व्हर्नियर पट्टीवर ४९ सेमीचे ५० भाग. प्रिंट काढून जोडली तर ४९ च्या जागी ४७ आणि काहीतरी. 'फिट टू पेज' चालू राहिलं होतं. ती चूक पोरांनी स्वतः पट्टी लावून पकडली. मी म्हणतो तिथेच निम्मा धडा झाला. मग माझ्या मुलांनी प्लायवुड कापून त्यावर ते कागद डकवले. वर्गात भिंतीवर टांगलाय. एक भाग सरकवला की ०.०२ म्हणजे केवढं ते शेवटच्या बाकावरूनही दिसतं.

दुसरा बदल मॅडमकडून उचलला. त्यांच्याकडे वाचन तीन चौकटींत लिहितात: मुख्य पट्टी, जुळणारी रेघ गुणिले ०.०२, आणि बेरीज. आम्ही वर्कशॉपात एकदम उत्तर विचारतो, कारण जॉबवर कोण चौकटी आखत बसणार. आता पहिले दोन आठवडे सक्तीने चौकटी. परत तोच तुकडा दिला तेव्हा १२.६ लिहिणारे तीन उरले.

एवढंच. पाच शनिवार, स्वतःच्या तिकिटाने. संस्थेतून परवानगी मागितली तर विचारणा झाली, "हे कोणत्या योजनेत बसतं?" बसत नव्हतं. म्हणून सुट्टीच्या शनिवारी केलं.

विचारायचंय ते हे. आयटीआय, पॉलिटेक्निक, व्होकेशनल कॉलेजात शिकवणारे किंवा शिकलेले इथे कोणी आहेत का? असं एकत्र काही केलंय का? पुढच्या वर्षी मोठं काहीतरी करायचं मनात आहे, पण कुठून धरावं कळत नाही.


जुना_वागळे | रविवार, रात्री १०:२५

छान लिहिलंय. मी निवृत्त गटनिदेशक, टर्नर ट्रेडचा. वागळे इस्टेटच्या कारखान्यांचे भोंगे ऐकत नोकरी काढली.

आमचं निदेशक प्रशिक्षण चुनाभट्टीच्या संस्थेत झालं, तिला तेव्हा एटीआय म्हणत, आता एनएसटीआय. तिथे रोज एकाचा डेमो लेसन आणि बाकीचे सगळे मागे वही घेऊन. फळ्याकडे तोंड करून बोललास, हत्यार उलटं धरलंस, प्रश्न विचारून उत्तराला वेळच दिला नाहीस. रडकुंडीला यायचो. पण वर्षभरात जे शिकलो ते तिथेच. नंतर तीस वर्षं नोकरी केली, माझ्या वर्गात मागे कोणी बसलं ते फक्त तपासणीला आलेले साहेब. त्यांनी बघितलं काय? हजेरीपट आणि लेसन प्लॅनची फाइल.

आयटीआय ज्या योजनेखाली चालतात ती क्राफ्ट्समन ट्रेनिंग स्कीम १९५० पासूनची. इतक्या वर्षांत अभ्यासक्रम कितीदा बदलले, २०१३ ला सेमिस्टर आलं, २०१८ ला परत वार्षिक झालं. निदेशकाने दुसऱ्या निदेशकाचा वर्ग बघावा ह्यासाठी वेळापत्रकात तास कुठल्याच बदलात आला नाही.


चिमटीभर | रविवार, रात्री ११:०२

कौतुक आहे, पण थोडं थंड पाणी ओततो.

एक म्हणजे थिअरीची परीक्षा कॉम्प्युटरवर, पर्यायी उत्तरांची. मुलं निमीचे (आयटीआयची पुस्तकं काढणारी सरकारी संस्था) प्रश्नसंच आणि यूट्यूब करून पास होतात. व्हर्नियर हातात न धरताही 'लघुत्तम माप ०.०२' वर टिक करता येतं. तुमच्या प्लायवुडने निकालात फरक पडणार नाही, आणि वरचे निकालच बघतात.

दुसरं, हे तिघांच्या ओळखीवर चाललंय. उद्या मॅडमची गाडी बदलली की संपलं.


कानस | रविवार, रात्री ११:२०

@चिमटीभर, दुसरा मुद्दा मान्य. पहिला अर्धाच. निकालात फरक पडणार नाही हे खरं. पण परीक्षेनंतर पोरगा रबाळ्याला नोकरीला लागतो आणि पहिल्याच आठवड्यात १२.०६ चा १२.६ करतो. तिथे पर्याय अ, ब, क, ड नसतात.


टीटीसीवाला | सोमवार, सकाळी ७:५०

तो पहिला आठवडा माझ्याकडेच उजाडतो! रबाळे एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे, सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) बुश आणि पिना काढतो. अकरा माणसं. तीस किंवा जास्त माणसं असलेल्यांना ॲप्रेंटिस घेणं कायद्याने सक्तीचं, माझ्यासारख्याला ऐच्छिक. तरी दरवर्षी दोन घेतो, कारण तयार माणूस मिळतच नाही.

माझं गाऱ्हाणं व्हर्नियरच्याही पुढचं आहे. ड्रॉइंगवर पिनेच्या व्यासाला २० अधिक ०.०२ वजा ० लिहिलेलं असतं, म्हणजे २०.०० ते २०.०२ मिमी चालेल. मुलगा १९.९९ चा पीस काढतो आणि म्हणतो, "सर, एक पॉइंटच कमी आहे." तो एक पॉइंट म्हणजे भंगार. जास्त असता तर परत टूल मारता आलं असतं, कमी झालेलं मटेरियल कोण चिकटवणार? हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, कारण वर्कशॉपात तो ज्या जॉबवर शिकतो तो पुढे कशात बसतच नाही. कानस मारायची, गुण घ्यायचे, कपाटात ठेवायचा.

एक देऊ शकतो. माझ्याकडे रिजेक्शनची पेटी असते. दर महिन्याला भंगारात जाते. ती घेऊन जा. प्रत्येक पीस का नापास झाला ते मुलांना शोधायला लावा. ड्रॉइंगच्या झेरॉक्स देतो, गिऱ्हाइकाचं नाव खोडून.


कानस | सोमवार, सकाळी ८:०५

टीटीसीवाला, तुमच्या तोंडात साखर पडो. पेटी नक्की हवी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.


तासिकावाली | सोमवार, दुपारी १:१५

डबा खाताना वाचतेय. एक कडू गोष्ट लिहिते, राग मानू नका.

मी दोन संस्थांत तासिका तत्त्वावर शिकवते. तास घेतला तर पैसे. सुट्टी, परीक्षेचे दिवस, मे महिना, सगळं कोरडं. तुम्ही म्हणता स्वतःच्या तिकिटाने पाच शनिवार. तुम्हाला ते परवडतं, पगार चालू असतो. माझा शनिवार म्हणजे एका क्लासचे चार तास. तुमच्या ह्या एकत्र कामात मला यायला आवडेल, खरंच आवडेल, पण मग ज्यांना परवडतं त्यांचाच हा क्लब होतो. आणि आमच्याकडे तर अर्ध्याहून जास्त शिकवणारे माझ्यासारखेच.

शिवाय मी तयार केलेल्या नोट्स पुढच्या वर्षी दुसराच कोणीतरी वापरतो आणि मला बोलावणंच येत नाही, हेही झालंय. त्यामुळे वाटून घ्यायला हात आखडतो. माणूस काही कद्रू नसतो हो जन्मतः.


ऐरोलीची_वाट | सोमवार, संध्याकाळी ६:४०

ह्या धाग्यातल्या मॅडम त्या मीच. नवऱ्याने लिंक पाठवली, "तुझ्याबद्दल लिहिलंय बघ."

आधी एक दुरुस्ती. तीन चौकटी ही माझी युक्ती नाही. ती फिजिक्सच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आहेच, मी विद्यार्थी होते तेव्हापासून. मला त्या शनिवारी उलटंच कळलं. माझी मुलं चौकटी बिनचूक भरतात आणि त्यांना आपण काय मोजलं ह्याचा पत्ता नसतो. एकाने नळीचा व्यास ३४० मिमी लिहिला होता. बोटाएवढी नळी! मी म्हटलं, "हातात धर, ही एक फूट आहे का?" तो हसला. कानससरांच्या वर्गात मी पाहिलं की ते मोजायच्या आधी अंदाज सांगायला लावतात. "डोळ्याने किती?" पोरगा म्हणतो, "सर, बारा-तेरा." मग मोजायचं. हे मी सोळा वर्षांत कधी केलं नव्हतं. आता प्रत्येक प्रॅक्टिकलला जर्नलमध्ये पेन्सिलने अंदाज लिहून घेते.

आता एकत्र प्रकल्पांबद्दल, कारण पॉलिटेक्निकवाल्यांना ह्या शब्दाची थोडी ॲलर्जी आहे. २०१७ ला आय-स्कीम (पॉलिटेक्निकचा तेव्हाचा नवा अभ्यासक्रम) आली आणि प्रत्येक विषयाला मायक्रो-प्रोजेक्ट आला. कल्पना वाईट नव्हती. गटाने काम, छोटा प्रश्न, स्वतः शोधा. पण एका सेमिस्टरला पाच-सहा विषय, प्रत्येकाचा वेगळा प्रकल्प, वर्गात साठ मुलं. दोन वर्षांत स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मायक्रो-प्रोजेक्ट मिळायला लागले. विषयाचं नाव सांगायचं, तो फक्त मुखपृष्ठावरची नावं बदलून स्पायरल करून देतो. एकदा माझ्याकडे आलेल्या फाइलच्या आभारप्रदर्शनात वेगळ्याच कॉलेजच्या प्राचार्यांचे आभार होते. २०२३ ला के-स्कीम आली, झेरॉक्सवाला तिथेच आहे.

मुलांना दोष देऊन काय उपयोग? सहा विषयांच्या सहा शिक्षकांनी एकत्र बसून 'आपण सहा मिळून एकच प्रकल्प देऊ' असं ठरवलं असतं तर मुलांनी तो केला असता. आम्ही सहा जण एकाच स्टाफरूममध्ये बसतो. दिवाळीच्या फराळाचं नियोजन एकत्र करतो, ह्याचं नाही केलं.

@तासिकावाली, तुमचं वाचून गप्प झाले. उत्तर नाही माझ्याकडे.


बाब्या_बर्मिंगहॅमात | सोमवार, रात्री ११:५५

मी मूळ कळव्याचा. इथे बर्मिंगहॅमजवळ एका फर्दर एज्युकेशन कॉलेजात इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन शिकवतो, त्याआधी सात वर्षं साइटवर वायरमन होतो. ही कॉलेजं म्हणजे आपलं आयटीआय, पॉलिटेक्निक आणि रात्रशाळा एकाच इमारतीत घातल्यासारखं. सोळा वर्षांच्या पोरापासून पन्नाशीच्या बाईपर्यंत सगळे. १९९३ पासून ही स्वायत्त आहेत, म्हणून एकमेकांची स्पर्धकही. शेजारच्या कॉलेजला आपली युक्ती सांगायची म्हणजे त्यांचे प्रवेश वाढवायचे, असा विचार करणारे प्राचार्य मी पाहिलेत.

तुमच्या दशांश चिन्हावर मनापासून हसलो. इथे सोळाव्या वर्षी गणितात आणि इंग्रजीत पुरेशी श्रेणी नसेल तर पुढे शिकताना ते विषय परत करावेच लागतात, २०१४ पासून कॉलेजचा निधी त्याला बांधलेला आहे. प्लंबर व्हायला आलेला पोरगा तिसऱ्यांदा तीच गणिताची परीक्षा देतो. चेहरा बघवत नाही.

तर ह्याच्यावर इथे एक कार्यक्रम निघाला होता. एज्युकेशन अँड ट्रेनिंग फाउंडेशन नावाची संस्था आहे, २०१३ मध्ये सुरू झालेली. तिच्या ह्या कार्यक्रमाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की होतं 'ओटला'. पहिल्यांदा ईमेल आला तेव्हा मला चाळीचा ओटला आठवला, आणि निघालंही तसंच. दोन-चार कॉलेजांतले शिक्षक मिळून एक छोटा प्रश्न घेणार, बाहेरचा एक अनुभवी मार्गदर्शक, थोडा निधी, आणि काही महिने आपापल्या वर्गात करून बघणार. आमचा प्रश्न होता: केबलचा व्होल्टेज ड्रॉप काढताना पोरं मिलिव्होल्टचे व्होल्ट करायला का विसरतात? तुमचा १२.६ च बघा, फक्त तिथे हजाराने चूक!

त्या निधीतला मोठा भाग कशावर गेला? आमच्या तासांना बदली शिक्षक आणण्यावर. @तासिकावाली, तुमच्या प्रश्नाला हे अर्धं उत्तर. बसायला वेळ विकत घेतला होता. तो संपल्यावर आमच्यातले अर्धे जण भेटायचे बंद झाले, हेही सांगून ठेवतो. आणि शेवटचा चकचकीत अहवाल लिहिण्यात जेवढी रात्र गेली तेवढी प्रयोगात गेली नसेल.

एक वाचण्यासारखं सांगतो. २००५ साली ससेक्स विद्यापीठातल्या मायकेल फील्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या शिक्षण खात्यासाठी एक अभ्यास केला. प्रश्न होता की एका शाळेतली चांगली पद्धत दुसऱ्या शाळेत कशी न्यायची. त्यांचं म्हणणं असं निघालं की 'नेणे' हा शब्दच चुकतोय. एक देणारा, एक घेणारा असं झालं की घेणाऱ्याचा मान दुखावतो. त्यांनी शब्द सुचवला 'जॉइंट प्रॅक्टिस डेव्हलपमेंट', म्हणजे दोघांनी मिळून पद्धत घडवायची. आणि त्याला लागतो विश्वास, विश्वासाला लागतो वेळ. तुमच्या मॅडमनी अंदाजाची सवय उचलली आणि तुम्ही चौकटी, हे अगदी तेच.


फेज_न्यूट्रल | मंगळवार, सकाळी ९:१०

मी आयटीआयची माजी विद्यार्थिनी, इलेक्ट्रिशियन ट्रेड. आता महापेला एका डेटा सेंटरमध्ये शिफ्टला असते. विद्यार्थ्यांच्या बाजूने कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमच्या वेळी फिटरच्या शेडमध्ये जायचं म्हणजे परराष्ट्रात जाणं. शेड समोरासमोर, मध्ये वीस पावलांचं अंतर. पॅनेलला भोक पाडून एम-सिक्सची आटी पाडायची वेळ आली तेव्हा आमच्या सरांनी चिठ्ठी देऊन मला तिकडे पाठवलं. तिथल्या एका मुलाने टॅप (आटी पाडायचं हत्यार) कसा धरायचा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल सोडायचं, सगळं दहा मिनिटांत शिकवलं. ती दहा मिनिटं मी अजून वापरते. आणि त्याला मी मल्टिमीटर धरायला शिकवला, त्याच्या घरचा पंखा बंद होता. हे कुठल्या प्रकल्पात नव्हतं. चिठ्ठी नसती तर झालंच नसतं.


चिमटीभर | मंगळवार, सकाळी ११:३०

@फेज_न्यूट्रल, प्रतिसाद आवडला.

अवांतर: मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये आयटीआयसाठी ६०,००० कोटींची योजना मंजूर केली, ऑक्टोबरमध्ये तिला पीएम-सेतू नाव मिळालं. १,००० शासकीय आयटीआय, त्यात २०० हब (मध्यवर्ती) आणि ८०० स्पोक (त्यांना जोडलेले). आता एकत्र काम कागदावरच लिहिलेलं आहे, कानसराव, तुमच्या 'कोणत्या योजनेत बसतं'ला उत्तर मिळालं. फक्त स्पोकवरून काय धावणार ते बघू. माझा पैसा फाइलवर.


जुना_वागळे | मंगळवार, दुपारी ४:००

हब म्हणजे तुंबा, स्पोक म्हणजे आरा. आमच्या गावी सुतार चाक जुळवायचा ते तासन्तास बघितलंय. तुंब्यात आरे ठोकले म्हणून चाक होत नाही. बाहेरून पाट्या बसवून वर तापवलेली लोखंडी धाव चढवतात, पाणी मारलं की ती आवळते, तेव्हा आरे एकमेकांना धरतात. आयटीआयपुरतं बोलायचं तर प्रत्येक स्पोक फक्त हबकडे तोंड करून उभा राहिला आणि शेजारच्या स्पोकचं वर्कशॉप त्याने कधी पाहिलंच नाही, तर चिमटीभर म्हणतात तसंच होईल.

कानस, विद्यार्थ्यांच्या एकत्र कामाचं काही केलंत का? तुमच्या पोस्टीत मास्तरांचंच जास्त आहे.


कानस | मंगळवार, रात्री १०:४५

केलं एक, सर. फसलं आणि फसलं म्हणूनच सांगण्यासारखं आहे.

आमच्याकडे इलेक्ट्रिशियनला स्टार-डेल्टा स्टार्टरच्या (मोटर सुरू करायच्या जोडणीच्या) सरावासाठी चाकं लावलेला बोर्ड हवा होता. बाहेरून विकत घ्यायचा तर कोटेशनांचं रामायण. म्हटलं आपणच करू. वेल्डर ट्रेडने अँगलची फ्रेम करायची, फिटरने वरची पत्र्याची प्लेट कापून भोकं पाडायची, इलेक्ट्रिशियनने तीन कॉन्टॅक्टर, टायमर आणि ओव्हरलोड रिले बसवून वायरिंग करायचं. तिन्ही निदेशकांनी मान डोलावली, मी ड्रॉइंग दिलं, आणि आम्ही आपापल्या शेडमध्ये गेलो. इथेच माशी शिंकली.

पंधरा दिवसांनी प्लेट फ्रेमवर ठेवली. भोकं जुळेनात. वेल्डरची पोरं म्हणाली प्लेट वाकडी, फिटरची म्हणाली फ्रेम वाकडी. आवाज चढले. मग कर्ण मोजले. फ्रेमच्या दोन कर्णांत पाच मिमीचा फरक. त्यांनी एक कोपरा पूर्ण वेल्ड केला, मग दुसरा, मग तिसरा. गरम झालेला सांधा थंड होताना खेचतो, चौकट हळूहळू समांतरभुज झाली होती. माझी पोरं जिंकल्याच्या थाटात. तेवढ्यात वेल्डरच्या एका मुलाने माझं ड्रॉइंग समोर धरलं. "सर, ९०० आतून की बाहेरून?" लिहिलंच नव्हतं मी. म्हणजे फ्रेम काटकोनात आली असती तरी प्लेट बसली नसती.

फ्रेम कापून परत केली. ह्या वेळी वेल्डरच्या निदेशकांनी माझ्या मुलांनाही उभं केलं. आधी चारी कोपऱ्यांना फक्त टॅक (ठिपक्याएवढं वेल्ड), मग कर्ण मोजा, ठोकून सरळ करा, मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून. माझ्या मुलांना टेप धरायचं काम. कर्ण सारखे म्हणजे चौकट काटकोनात, हे त्यांनी गणितात सोडवलं असेल, पण टेप धरून जमिनीवर बसल्यावर एक म्हणाला, "म्हणजे हे ते होय!" शेवटी इलेक्ट्रिशियनच्या मुलीने दाखवलं की अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलाय. रंगातून वीज जात नाही, म्हणून तो खरवडावा लागला. बोर्ड आता वापरात आहे. एक चाक कुरकुरतं.

आता मला वाटतं, मुलांना एकत्र करायच्या आधी आम्ही तिघांनी एक तास त्या ड्रॉइंगवर बसायला हवं होतं. आम्ही मुलांना जे 'टीमवर्क' एम्प्लॉयबिलिटी स्किल्सच्या तासाला शिकवतो ते आम्हीच केलं नव्हतं.


बाब्या_बर्मिंगहॅमात | बुधवार, पहाटे २:१०

आतून की बाहेरून! हे एक वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये लावतो, भाषांतर करून.


तासिकावाली | बुधवार, दुपारी १:२०

कानससर, बोर्डची गोष्ट वाचून डबा गार झाला. एक सुचवते. शनिवार मला जमत नाही, पण माझे दोन तासांमधले सव्वा तास रोज रिकामे जातात, कारण घरी जाऊन परत येण्याइतका वेळ नसतो. त्या वेळेत मी कोणाच्याही वर्गात मागे बसू शकते. माझ्याच संस्थेत. इथे ट्रेन लागत नाही, परवानगीही तोंडी चालते. आणि ज्यांच्या वर्गात बसेन त्यांनी माझ्या एका तासाला बसायचं.

पण नोट्स मात्र माझ्या नावाने राहतील. प्रत्येक पानावर.


ऐरोलीची_वाट | बुधवार, दुपारी १:४०

नाव हवंच. आणि तुम्ही माझ्याही प्रॅक्टिकलला या, तो तुमचा तास म्हणून लावता येतो का ते विभागप्रमुखांना विचारते. आमच्याकडे तज्ज्ञ व्याख्यानासाठी मानधनाची तरतूद असते. वर्षाला थोडीच, पण दरवेळी तेच तेच लोक येऊन तीच स्लाइड दाखवतात. त्यातलं एखादं तुमच्याकडे वळवता आलं तर बघते. वचन देत नाही.


टीटीसीवाला | बुधवार, संध्याकाळी ७:३०

पेटी तयार आहे. साधारण चाळीस पीस. प्रत्येकाला नंबर टाकलाय, कारणं वेगळ्या कागदावर, ती मास्तरांनी आधी बघायची नाहीत! सहा पीस मुद्दाम चांगले घातलेत. बघू कोण पकडतं.

शनिवारी दुपारी दोननंतर मशीन बंद असते. सगळेच इकडे या ना, चहा माझ्याकडून. बोर मोजायची गेज आणि मायक्रोमीटरही दाखवतो.


कानस | बुधवार, रात्री ९:१५

ठरलं. शनिवार, दुपारी अडीच, रबाळे स्टेशनच्या एमआयडीसीच्या बाजूला. मी माझ्या बॅचची चार मुलं आणतोय, मॅडमची तीन, कोपाचे सर त्यांची दोन. ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्स हार्बर धरा. @तासिकावाली, तुम्हाला शनिवार जमणार नाही हे लक्षात आहे. पेटी सोमवारी तुमच्या वर्कशॉपात आणतो, तुमच्या रिकाम्या सव्वा तासात.

@जुना_वागळे सर, तुम्ही आलात तर मागे बसायला खुर्ची आणि वही देतो.


जुना_वागळे | बुधवार, रात्री ९:४०

येतो. माझा जुना व्हर्नियर घेऊन येतो, शून्याला ०.०४ ची चूक आहे त्यात. पोरांना आधी सांगू नका.